कोरड्या विहिरीपाशी

आविलाची संत तेरेसा प्रार्थनेला बसली की घड्याळाचा टोला कधी पडतो याकडे तिचे कान लागलेले असत. तिनेच हे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. प्रार्थनागृहात पाऊल टाकतानाच मन इतके खिन्न होई की सगळे बळ एकवटून तिला आत जावे लागे. हीच तेरेसा ख्रिस्तसभेची आचार्य झाली; १९७० साली पोप पॉल सहावे यांनी स्त्रियांमध्ये सर्वप्रथम तिला तो मान दिला. ‘प्रार्थनेत मन लागत नाही, देव दूर गेल्यासारखा वाटतो,’ असे कुणी म्हटले की मला ते पान आठवते.

१५३५ साली, ऐन विशीत, ती आविलाच्या कार्मेल मठात दाखल झाली. प्रभूचे रूप मनात उभे करणे तिला जमत नसे, एका विचारातून दुसरा उलगडत नेणेही नाही. हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचे धाडस तिला अठरा वर्षे झाले नाही. परमप्रसाद घेतल्यानंतरची वेळ तेवढी वेगळी. कित्येकदा पुस्तक नुसते उघडले तरी चित्त ठिकाणावर येई. मध्यंतरी मोठ्या आजारानंतर, आपली देवापुढे बसायची लायकी नाही असे वाटून तिने ही प्रार्थना वर्षभराहून अधिक काळ सोडूनच दिली. आयुष्यातला सर्वांत मोठा मोह तो, असे ती पुढे म्हणे. पुढे १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने लोकभाषेतल्या अनेक आध्यात्मिक पुस्तकांवर बंदी आणली आणि तिच्या आवडीची पुस्तकेही गेली. तिला ते फार लागले. पण यापुढे प्रभूच आपल्याला शिकवील, असा दिलासा तिला प्रार्थनेतच मिळाला.

विचार पुढे सरकत नसत, तेव्हा ती काय करी? मनाने गेथसेमनीच्या बागेत जाई. रात्री झोपण्यापूर्वी, कितीतरी वर्षे, ती तिथे घामाने निथळणाऱ्या येशूजवळ जाऊन राहिली. तो घाम पुसावा असे तिला वाटे, पण हात पुढे करायचा धीर होत नसे. ख्रिस्त एकटा आणि दुःखी असतो तेच प्रसंग ती निवडी, कारण अशा वेळी त्यालाच सोबतीची गरज असते, तो आपल्याला परत पाठवणार नाही, असे तिला वाटे. मला हा सगळ्या ख्रिस्ती अध्यात्मातला अत्यंत धीट विचार वाटतो. देवाकडे मागायला आपण सगळेच जातो. त्याला सोबत करायला जायचे, हे सुचायला फार प्रेम लागते. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी, चर्च जवळपास रिकामे असताना पवित्र साक्रामेंतासमोर बसते तेव्हा मी तिच्याकडून एवढेच उसने घेते. काही सुचत नाही, शब्दही येत नाहीत; तरी उठायचे नाही.

आत्मा ही बाग, आणि तिला पाणी घालायच्या चार तऱ्हा, असे तेरेसा सांगते. विहिरीतून बादलीने ओढायचे, रहाटाने काढायचे, ओढ्याचे पाणी वळवून घ्यायचे आणि शेवटी पाऊस. वसईत बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, रहाट चालायचे; ते पाहिलेल्या माणसाला यातली दुसरी तऱ्हा कुणी समजावून सांगायला नको. क्रमाक्रमाने माणसाचे कष्ट कमी होत जातात, देवाचे काम वाढत जाते. पाऊस तर सर्वस्वी त्याचाच. वाचणारे बहुधा पावसापाशी रेंगाळतात. मी पहिल्या विहिरीपाशी थांबते. कारण बादली कोरडीच वर आली तर काय, हाही प्रश्न तेरेसा टाळत नाही. कोरडी आली तरी माळ्याने आनंद मानावा, ती म्हणते. बाग मालकाची आहे, आणि माळी स्वतःसाठी नव्हे, मालकाला आवडावे म्हणून राबतो आहे. पाणी देणे न देणे मालकाच्या हाती. शांत वाटावे म्हणून प्रार्थना करणाऱ्याला हे उत्तर कडू लागेल. मला ते मोकळे करणारे वाटते, कारण मग आज काय ‘वाटले’ याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

मग देवाशी जवळीक वाढते आहे हे ओळखायचे कशावरून? १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘आंतरिक दुर्ग’ या ग्रंथात तेरेसा याचे उत्तर अगदी मठाच्या जमिनीवर उभी राहून देते. आपण देवावर प्रेम करतो की नाही हे नक्की कळणे कठीण, पण शेजारच्या माणसावर करतो की नाही हे कळते. प्रार्थनेतली गोडी निसटेल या भीतीने डोळे मिटून, हालचाल न करता बसलेल्या भगिनी तिला पसंत नव्हत्या. एखादी सोबतीण आजारी असेल तर प्रार्थनेतले ते सुख बिनघोर सोडून तिच्याकडे जावे, तिचे दुखणे आपलेच समजावे, आणि गरज पडली तर तिला खायला मिळावे म्हणून आपण उपाशी राहावे, असे ती आपल्या भगिनींना सांगे.