लाइन

मुलांनो, ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो. या शब्दाने मी लहानपणी एकदा चांगलाच फसलो.

भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरी हे माझे गाव. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी रेल्वे आमच्याच भागातून जाते. एकदा नानी आजारी पडली. तिला भेटायला मामू संध्याकाळच्या गाडीने येणार होते. मी फोनवर सहज म्हणालो, “मामू, सकाळपासून लाइन बंद आहे.” मला सांगायचे होते, वीज नाही. मामूंना वाटले, रेल्वे बंद आहे. ते आले नाहीत. नानी रात्रभर दाराकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी मामू आले, तेव्हा चूक कळली. नानी हसली, मला मात्र रडू आले.

पुढे मी शब्दकोश पाहिला. ‘लाइन’चे मूळ लॅटिन ‘लिनम’, म्हणजे आपल्या विदर्भात पिकते ते जवस! जवसाच्या झाडापासून धागा निघतो. धागा ताणला की सरळ रेघ दिसते. म्हणून कागदावरची रेघ, कवितेची ओळ, माणसांची रांग, विजेची तार आणि रेल्वेचा मार्ग, सगळ्यांना एकच नाव मिळाले.

आपल्या उर्दूतही ‘ख़त’ म्हणजे पत्र आणि रेषासुद्धा. मराठीत मात्र ‘खत’ शेतात घालतात!

म्हणून मित्रांनो, बोलताना नेमका शब्द निवडा. आपल्या एका शब्दावर कोणाचे तरी येणे अवलंबून असते, आणि कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेले असते.