उन्हाच्या जिल्ह्यात ऊन कमी?

आम्हाला 'ड' जीवनसत्त्व कमी आहे हे ऐकून आई हसली. "माझा जल्म उन्हात गेला, अन् तुला धाराशिवात ऊन कमी?"

आम्ही स्पर्धा परीक्षावाले. सकाळी सातला अभ्यासिकेत, रात्री दहाला बाहेर. वर्षभर मांड्या दुखत, पुस्तक उघडलं की रडू येई. लोक आळशी म्हणाले, आम्हीही स्वतःला तेच म्हणालो. तपासणीत आकडा आला 9. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. सावळ्या कातडीला तर ऊन जास्त वेळ लागतं.

1941 साली याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्यात, बाबासाहेबांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली. वतनाच्या राबणुकीतून सुटून लेकरं सावलीत शिकावीत, म्हणून आपले मायबाप उन्हात करपले. ती सावली आम्ही सोडणार नाही. पण थकलेल्या शरीराला आळशी म्हणणं ही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दिलेली शिवी आहे. ती आपणच आपल्याला का द्यावी?

डॉक्टरांनी आठवड्याला 60,000 युनिटची गोळी दिली, आम्ही दुपारचं ऊनही घेऊ लागलो. अंगदुखी गेली. उदासी थोडी उरली, कारण रखडलेल्या भरतीवर गोळी नाही. मनाने गोळ्या खाऊ नका, अतिरेक झाला तर रक्तात कॅल्शियम वाढतं.

संघर्ष करायचा तर आधी उभं राहता आलं पाहिजे. स्वतःला शिव्या देण्याआधी रक्त तपासा.