शिळेवरची पानगळ

दोस्तांनो, सोबतची शिळाछाप पाहा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली पानगळ! रस्त्याच्या दोन्ही कडांना एल्मची झाडं, खाली पिवळ्या पानांचा सडा. असं चित्र तेलकट खडूनं दगडावर उलटं काढतात. ओल्या दगडावर शाई फिरवली, की ती फक्त खडूच्या रेघांवर बसते. मग त्यावर कागद दाबायचा!

बाग अगदी रानासारखी वाटते ना? पण ही ८४३ एकरांची बाग माणसांनीच घडवली. तळीसुद्धा खोदलेली! तिच्या पश्चिम कडेला पूर्वी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीय. घरं, शाळा, तीन चर्च, सगळं होतं. बागेसाठी १८५७ मध्ये ती उठवली.

चित्रात पानं दिसतात, ती घरं नाहीत. तुमच्या गावच्या बागेत गेलात, की विचारा हं : इथं आधी कोण राहत होतं?