कसं बसायचं, ते मावशी ठरवतात

गोंदण त्वचेवर नसतं, त्वचेच्या आत असतं. डोळ्यांना हे कळतं, ब्रश मात्र विसरतो. भोर-वेल्ह्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर ते अजून दिसतं. अंगाचा रंग पुरा करून वर हिरवट ठिपके टेकवले, की बाई जत्रेतल्या तमाशासाठी रंगवल्यासारखी दिसते. म्हणून ठिपके मी आधी काढते, अल्ट्रामरीनमध्ये थोडा रॉ अंबर मिसळून. ते नीट वाळले, की त्यांच्यावरून यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचा पातळ, तेलकट थर ओढते. त्या थराखाली गोंदण आपोआप कातडीत उतरतं.

‘नीट वाळले की’ ही अट पावसाळ्यात फार जाचते. तैलरंग पाणी उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. मढे घाटाकडून धुकं आलं की हवा गार आणि ओली, मग हे काम रेंगाळतं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. खालचे थर मी त्याच्यावरच भागवते. काळा, कॅडमियम लाल ही सावकाश वाळणारी मंडळी वर. खाली तेल कमी, वर जास्त, हा क्रम चुकला तर पुढे भेगा पडतात. कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी येते ती वेगळीच. म्हणून माझ्या भोरच्या खोलीत एकही चित्र भिंतीला चिकटून टांगलेलं नाही.

केळदच्या बाजूच्या एक मावशी माझ्यासमोर बसायच्या. पहिल्या दिवशी तेलाची बाटली हुंगून म्हणाल्या, “जवसाची चटणी करतीस व्हय गं?” मी हसले, पण त्या गंभीरच होत्या. खायची वस्तू चेहऱ्याला फासायची, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं.

शहरातून आलेल्या चित्रकाराला इथली बाई भातलावणीत वाकलेली हवी असते, चिखलात, डोक्यावर इरलं. मावशींनी पहिल्याच बैठकीला तो दरवाजा लावून टाकला. “वाकल्याली काढू नको. वाकून जलम गेला. खुर्चीवर बसते.” खुर्ची लाल, प्लास्टिकची. हिरवं काठाचं लुगडं, नथ, पदर डोक्यावरून. मुंबईच्या मुलानं दिलेलं मनगटी घड्याळ दिसलंच पाहिजे, ही शेवटची अट.

प्रदर्शनांच्या पुस्तिकांत मुक्त स्त्री म्हणजे मोकळे केस, उघडा खांदा, वर उचललेला चेहरा. डोक्यावर पदर दिसला की ती दबलेली. ही खूणगाठ मला आळशी वाटते. आपण कसं दिसायचं, हे ज्या बाईनं स्वतः ठरवलं ती माझ्या लेखी मोकळी, मग ती फोटो स्टुडिओत बसल्यासारखी ताठ का बसेना. माझं मोकळेपण ब्रशात आहे. पदर डोक्यावर घ्यायचा हक्क मावशींचा. त्याची कड चाकूनं जाड, खरबरीत लावायचा हक्क माझा. मागची भिंत मी गाळली आणि तिथं गडद तांबडा सोडला. घड्याळ मात्र निगुतीनं काढलं.

अमृता शेरगिलचं ‘तीन मुली’ हे चित्र 1935 सालचं. 1937 मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यातल्या तपकिरी-लाल रंगांकडून मी पुष्कळ शिकले. पण त्या मुली खाली बघतात, वाट बघतात, आणि त्यांच्यामुळे आपल्याला एक सवय जडली: गंभीर चित्रातली भारतीय बाई उदास असायला हवी. मावशी उदास नव्हत्या. कंटाळलेल्या होत्या, आणि शेळ्या कुठं गेल्या याकडे त्यांचं अर्धं लक्ष होतं. भुवईवरची ती आठी चिंतेची न दिसता कंटाळ्याची दिसावी, यासाठी मी तो भाग कितीदा खरवडला, विचारू नका.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांची दोन मोठी तैलचित्रं आहेत. एकात नट बालगंधर्व पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. दुसरं पाहून मी दर वेळी थबकते. महाराष्ट्रातल्या एका पिढीला बाईनं कसं नटावं, पदर कसा घ्यावा, हे ज्यांनी शिकवलं ते पुरुष होते, आणि देऊसकरांचा हात इतका तयार की त्यात कुठं खोट सापडत नाही. देखणेपण उसनं घेता येतं. कंटाळा उसना घेता येत नाही.

इथल्या मातीत चेहरे न उरलेल्या बायका खूप. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई राजगडावर 1659 मध्ये वारल्या. तिथं पद्मावती माचीवर त्यांची समाधी आहे. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रं युरोपच्या संग्रहांत पोचली. सईबाईंचं त्या काळचं, खात्रीचं म्हणावं असं चित्र नाही. राणीची ही गत, तर भातलावणी करणारीची काय सांगावी.

चित्र पुरं झाल्यावर मावशी जवळ आल्या. “हात लई मोठं काढलंस.” मग स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. “हायतच मोठं. ऱ्हाऊ दे.” नावाचा प्रश्न त्यांनीच काढला. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं कुणी उच्चारत नाही. मी चौकटीच्या लाकडावर मागून दोन्ही लिहिली, माहेरचं आधी. प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर कोणतं लावायचं यावरून त्यांच्या घरात अजून वाद आहे. मुलगा म्हणतो सासरचं, सून म्हणते माहेरचं, आणि मावशी म्हणतात, आधी कुणीतरी शेळ्या बांधा.