पानं खुडा, कंद राहू द्या

मृग जवळ आला की जोगेश्वरी पूर्वेला, स्टेशनबाहेरच्या गर्दीत, कांदे-बटाट्यांच्या हातगाड्यांच्या आडोशाला गोणपाट अंथरून काही बायका बसतात. पुढ्यात वजनकाटा नसतो. वाटे असतात, जुड्या असतात. कुणी आरेतल्या पाड्यांवरून आलेल्या, कुणी पहाटेच्या गाडीने पालघर-डहाणूकडून. त्यांच्याकडे भाजी घ्यायची तर बोलावंच लागतं. ते बोलणं मला भाजीइतकंच मोलाचं वाटतं.

"मावशी, शेवळं कशी दिली?"

"काकडं घेशील ना ताई? नुसती शेवळं नको नेऊस."

नव्या गिऱ्हाइकाला हा आग्रह म्हणजे आणखी चार पैसे काढायची युक्ती वाटते. तसं नसतं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून काकडाची आंबट हिरवी फळं सोबत शिजवायची. ती नसली तर चिंच. मावशी एक जुडी सोडते. शेवळाचं जांभळट तपकिरी आवरण अंगठ्याने उलगडते आणि आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग नखाने दाखवते. "हा काढून टाक. राहिला तर घसा धरेल." आपण भाजी म्हणून घेतो तो खरं तर त्या झाडाचा फुलोरा. पान मागाहून, पाऊस लागल्यावर येतं. फूल आधी, पान नंतर, आणि हा सगळा खेळ जमिनीतल्या कंदाच्या जिवावर. वनस्पतिशास्त्राचा एक अख्खा धडा रेल्वेच्या भोंग्यांत आणि रिक्षांच्या गोंगाटात दोन मिनिटांत शिकवून होतो.

पाऊस स्थिरावला की शेवळं संपतात आणि कुलू येते; कुणी तिला फोडशी म्हणतं. गवतासारखी लांब पाती, बुडाशी पांढरी. त्या पांढऱ्या बेचक्यात माती दडून बसते, म्हणून पाती सुटी करून तीन-चार पाण्यांतून काढायची, बारीक चिरायची आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर परतायची. ही भाजी मुसळीच्या गोत्रातली. आज बाजारात औषधी म्हणून जिचा बोलबाला आहे, त्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली तिची शास्त्रीय नोंद केली आणि आपल्या शेजारच्या बोरिवलीला जगाच्या वनस्पतिकोशात जागा मिळाली. सांतापाव मूळचे स्पेनचे, झेवियर्स कॉलेजात शिकवणारे. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांनी या डोंगरांतली झाडं नोंदवली, त्याच्या कितीतरी आधीपासून पाड्यांवरच्या बायका त्याच उतारांवर पावसाळी भाजी खुडत होत्या. दोघांचं ज्ञान एकाच मातीतलं. एक कागदावर उतरलं म्हणून टिकलं. दुसरं टिकतं ते कुणी विचारलं आणि कुणी सांगितलं तरच.

मुळांसाठी मुसळी रानातून इतकी उपटली गेली की ती दुर्मीळ झाली, शेतात लावायची वेळ आली. पाड्यावरचा रिवाज वेगळा आहे. पानं खुडायची, कंद राहू द्यायचा. वारली घरांत पहिल्या पावसाची कोवळी भाजी आधी देवाला दाखवतात, मग पानात वाढतात. या थांबण्यात श्रद्धा आहे आणि हिशेबही आहे: कोंबाला जरा वाढू दिलं, तर पुढच्या वर्षी रान पुन्हा देतं.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्वेला निघालं की डाव्या हाताला आरेचं हे रान सुरू होतं. १९४९ साली इथे दुग्ध वसाहत आली, त्याआधीपासून पाडे आहेत, वाघदेव आहे. आपल्या जोगेश्वरीतून मालाडच्या खाडीकडे जाणारी ओशिवरा नदी याच टेकड्यांत उगम पावते. आपण तिला नाला म्हणून मोकळे झालो, पण तिचं पाणी आरेच्या उतारावरूनच येतं.

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं पडू लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. त्या रात्री अंधारात धावत गेलेल्यांत कॉलेजातली पोरं होती, नोकरदार होते, पाड्यांवरचे लोक होते. एकोणतीस जणांना अटक झाली. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. बातम्यांत झाडांचे आकडे होते. पाड्यावरच्या माणसासाठी मात्र त्यातलं एक काकड होतं, एक पळस होता, एक पोराटोरांना जांभळं देणारं झाड होतं.

अनोळखी माणसासाठी मध्यरात्री कुणी घराबाहेर पडत नाही. झाडाचंही तसंच आहे. कायदा रानाभोवती हद्द आखतो, आणि ती हवीच. पण हद्दीवर घाला येतो तेव्हा उभी राहते ती ओळख असलेली माणसं. ही ओळख भाषणांतून होत नाही. ती मावशीजवळ दोन मिनिटं जास्त थांबण्यातून होते: ही कुठे उगवते, कशी साफ करायची, किती खुडायची, काय मागे ठेवायचं. काचेच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत मिळणाऱ्या पालेभाजीला हे विचारता येत नाही, कारण उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. येत्या पावसाळ्यात गोणपाटावरची जुडी घ्या, घासाघीस करू नका, आणि सोबत घरातलं लहान मूल न्या. प्रश्न त्याला विचारू द्या. पिवळा भाग कुठला, हे ज्या पोराने मावशीच्या नखापाशी वाकून पाहिलं, त्याला उद्या आरे ही मोकळी पडलेली जमीन आहे असं कुणीही पटवून देऊ शकणार नाही.