निदान

मोटारीतले मला काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मी मराठीचा प्राध्यापक. वाक्य कुठे अडले हे मला सांगता येते. गाडी कुठे अडली हे सांगायला मिस्त्री लागतो. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा दोष कुणाचा हे मी पाच मिनिटांत ठरवून टाकले. अज्ञानाचा हा एक मोठाच फायदा आहे. निकाल लवकर लागतो.

गाडी म्हणजे वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळत तिचे फोटो छापले. आमची मात्र परभणीत चालत होती, आणि त्याचे सारे श्रेय मी स्वतःकडे घेत असे. कारण माझा एक नित्यनेम होता. सकाळी बॉनेट उघडायचे, रेडिएटरचे झाकण काढायचे आणि अंगणातल्या बोअरचे पाणी तांब्याने काठोकाठ भरायचे. वडील गेल्यावर त्यांच्या देवांची पूजा माझ्याने होईना. ही पूजा मात्र मी एक दिवस चुकवली नाही. शेजारी कौतुकाने पाहत, आणि ते पाहत आहेत हे मला ठाऊक असे.

मे महिन्यात आईला गंगाखेडला जायचे होते. गोदावरीत पाय बुडवायचे, जनाबाईपुढे डोके टेकायचे, एवढीच तिची इच्छा. रस्ता चाळीसएक किलोमीटरांचा. पोखर्णीचा नृसिंह मागे पडला आणि इंजिन आतून ठोकल्यासारखा आवाज करू लागले. मी पाय दाबून धरला. पुढच्या वळणावर गाडीला कुणीतरी मागून धरल्यासारखे झाले आणि ती उभी राहिली. किल्ली फिरवली, तर नुसते ‘खट्’. पारा त्रेचाळीसवर. आई पदर डोक्यावर घेऊन एका बाभळीच्या विरळ सावलीत बसली. ती चिडली असती तर मला सोपे गेले असते. ती एवढेच म्हणाली, “गंगेचं बोलावणं आलं नसेल अजून.”

मग तिला एस. टी.त बसवून परत पाठवले. ट्रॅक्टरच्या मागे दोर लावून गाडी परभणीला आणली. त्या सबंध वाटेवर मी स्टिअरिंग धरून मनातल्या मनात खटला चालवीत होतो. आठच दिवसांपूर्वी एका तरुण मिस्त्रीने गाडीचे तेल बदलले होते. आठ दिवसांत इंजिन जॅम! आणखी पुरावा तो काय हवा? तेल कमी घातले असेल, नाहीतर भेसळीचे असेल. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही हकीकत रंगवून सांगितली. बोलणे हा माझा धंदाच आहे. दोन सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवले, की आपली गाडी पुन्हा त्या पोराकडे न्यायची नाही.

गाडी अर्थातच मी दुसरीकडे टाकली, एका म्हाताऱ्या उस्तादांकडे. चार दिवसांनी त्यांनी बोलावले. गोणपाटावर चार पिस्टन ओळीने मांडून ठेवले होते.

“तेल खराब होतं ना?” मी जाताजाताच विचारले.

“तेलाला शिव्या देऊ नका, सर,” उस्ताद म्हणाले. “तेलानं आपलं काम केलंय.”

त्यांनी आधी क्रँकची बेअरिंगे दाखवली. ती स्वच्छ, गुळगुळीत होती. तेलाची उपासमार झाली असती, तर पहिला ओरखडा त्यांच्यावर दिसला असता. मग पिस्टनचे डोके दाखवले. वेळेआधी पेट घेणाऱ्या इंजिनात ते वितळून मधोमध भोक पडते. सतत ठोकत राहणाऱ्या इंजिनात त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्यासारख्या होतात आणि रिंगांमधले कंगोरे तुटतात. तसे काही नव्हते. हवेतून धूळ गेली असती तर अंगभर बारीक उभ्या रेघा दिसल्या असत्या. त्याही नव्हत्या. होते ते एवढेच : पिस्टनमधून जी आडवी पिन जाते तिच्या दोन्ही टोकांच्या दोन्ही अंगांना, म्हणजे चार कोपऱ्यांत, धातू फरफटून निघालेला.

“हे चार डाग म्हणजे उष्णता,” उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी मला समजावले. आत पेट्रोल जळते तेव्हा दोन हजार अंशांच्या वर आच असते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. तरी पिस्टन टिकतो, कारण ती आच रिंगांतून भिंतीकडे आणि भिंतीतून पलीकडच्या पाण्याकडे क्षणोक्षणी निघून जात असते. पाण्याने ती घेतली नाही की पिस्टन फुगतो. ओतीव लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगते, आणि दोघांमधली फट असते केसाच्या जाडीहूनही कमी. पिनेपाशी धातू जाड, म्हणून फुगवटा तिथे जास्त. आधी घासायचे, मग फाटायचे, मग धरून बसायचे.

सगळ्यांत वाईट अवस्था चौथ्या पिस्टनची होती. पंपापासून सर्वांत लांबच्या. उस्तादांनी ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटेत स्क्रूड्रायव्हर घातला आणि खरवडला. पांढरे पोपडे बाहेर पडले. आमच्या चहाच्या पातेल्याला बसतात, तसेच.

“पाणी कुठलं घालता?”

“बोअरचं. रोज घालतो.” ‘रोज’ या शब्दावर मी सवयीने जोर दिला.

उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींत घुसलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये काढून टाकले, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. शिकवताना बजावतो, की हातातल्या प्रतीत चूक दिसली म्हणून तीच प्रत लिहिणाऱ्याच्या माथी ती मारू नका. ती कितीतरी आधीच्या प्रतीतून चालत आलेली असू शकते. इंजिनाच्या बाबतीत मी नेमके तेच केले होते. शेवटचा हात ज्याचा लागला तो गुन्हेगार! आणि वर्षानुवर्षे रोज लागणारा हात माझा होता, म्हणून तो मला दिसलाच नाही. मराठीत ‘निदान’ म्हणजे मूळ कारण शोधणे, आणि ‘निदान’ म्हणजे कमीत कमी. कुणाला दोष देण्यापूर्वी निदान निदान तरी करावे, एवढे मराठीच्या प्राध्यापकाला कळायला हवे होते.

संध्याकाळी त्या तरुण मिस्त्रीकडे गेलो. तो एका जीपखाली झोपून काम करीत होता. बाहेर आला. मी सारे सांगितले, स्टाफरूममधलेही.

“कळलं होतं मला,” तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, “सर, तेल बदललं त्या दिवशी मी म्हणालो होतो, रेडिएटर खोलून साफ करू. तुम्ही म्हणालात, त्याला हात लावू नको, ते मी बघतो.”

मला ते आठवत नव्हते. त्याने सांगितल्यावर आठवले.

स्टाफरूममध्ये मी दुसऱ्या दिवशी उलटी हकीकत सांगितली. पहिली सगळ्यांनी चहा थंड होऊ देऊन ऐकली होती. ही ऐकताना दोघे तासाला निघून गेले. ज्यांनी त्याच्याकडे जाणे सोडले होते, त्यांतले एक परत जाऊ लागले. दुसरे म्हणतात, “असेल हो, पण उगीच कशाला?” ते माझे शब्द आहेत, आणि ते अजून त्या पोराचे गिऱ्हाईक खात आहेत.

बोअरने बिघडलेले इंजिन रीबोअर करून, मोठ्या मापाचे पिस्टन बसवून चालू झाले. रेडिएटर त्या तरुण मिस्त्रीने साफ केला. श्रावणात आईला गंगाखेडला घेऊन गेलो. नदी भरून वाहत होती. आईने पायरीवर बसून पाय बुडवले, बराच वेळ बसली. परतताना गाडीत बसण्यापूर्वी ती म्हणाली, “अरे, पाणी बघितलंस का गाडीतलं?”

“त्यानं बघितलंय,” मी म्हणालो.