पिशवी त्याच्या खांद्यावर

मिरची तोडायला गडचिरोलीतून तेलंगणात गेलेली पोरं परतली, की आशाताईकडे एखादी मुलगी घाबरत येते. पाळी चुकलेली. आज एकीबरोबर तिचा मित्रही आला होता. दोघं विशीतले. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा त्याने तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मला फार बरं वाटलं. एरवी मुलगी एकटीच येते, आणि गाव बोलतं तेही तिलाच.

डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या ६५० जणींपैकी ९२ टक्के स्त्रीरोगांनी ग्रासलेल्या. इतकं मुकाट सोसलेल्या जिल्ह्यात नको असलेला गर्भ पोरीने सांगायचा कुणाला? डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची ‘तारुण्यभान’ शिबिरं मला म्हणूनच मोलाची वाटतात. तिथे मुलग्यांशीही शरीराबद्दल मोकळं बोललं जातं.

गर्भपाताचा कायदा मुलीच्या बाजूने आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसलेल्या अविवाहितेलाही वाट दिली. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी २४ आठवड्यांपर्यंतचं दार उघडलं. सज्ञान असेल तर दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. निर्णय तिचाच. पण गडचिरोली-चंद्रपूरची एसटी, बुडालेली मजुरी, रात्री पोटात कळ आली तर जागणं, यात तिच्या मित्राने असायलाच हवं. मूल ठेवायचं ठरलं, तर दोन्ही घरांनी.

मुलगी हो म्हणाली, तर उद्या तिच्या आईशी बोलेन. मग त्याच्याही.